मान धरलीय? शेकापासून ताकदीपर्यंत, सोलापूरकरांसाठी फिजिओथेरपीची सविस्तर वाट

सोलापूरच्या पूर्वभागात फिजिओथेरपी करताना एक सवय लागते. मानेचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आधी काम विचारायचं, दुखणं नंतर. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे हजार विड्या होईपर्यंत. शाळेचे गणवेश शिवणारा कारागीर सुईच्या टोकाकडे बघत असतो. मागावरचा कामगार तुटलेला धागा शोधायला वाकतो. आणि सात रस्त्याच्या आसपास कुठल्यातरी अभ्यासिकेत बसलेला पोरगा पुस्तकातून डोकं काढून मोबाईलमध्ये घालतो. हात प्रत्येकाचे वेगळं काम करतात, मान मात्र सगळ्यांची एकाच कोनात.

मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. डोकं खांद्यांच्या बरोबर वर असेल तर सात मणके आणि त्यांच्यामधल्या गाद्या ते आरामात पेलतात. पुढे झुकलं की तोल मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. अमेरिकेतले मणक्याचे सर्जन डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकी मॉडेलवर हा हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर भार सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८, ४५ ला २२ आणि ६० अंशांना तब्बल २७ किलो. व्हॉट्सअपवर फिरणारं ते चित्र याच हिशेबावरचं. तो जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला आकडा नाही, म्हणून त्याला घाबरून जाऊ नका. पण दिशा बरोबर आहे.

झुकलेल्या मानेत नेमकं काय होतं ते समजलं तर पुढचे व्यायाम डोक्यात बसतील. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्याही मागे, मणक्यांना चिकटून काही बारीक स्नायू असतात. त्यांचं काम मान आतून स्थिर धरण्याचं. दुखणं जुनं झालं की ते आळसावतात. मग कानाच्या मागून खांद्यापर्यंत उतरणारे वरचे मोठे स्नायू त्यांचंही काम ओढू लागतात. तुम्ही बोटांनी दाबता तेव्हा ज्या गाठी लागतात, त्या या जादा काम करणाऱ्या स्नायूंच्या. त्यांना नुसतं चोळून भागत नाही, कारण काम न करणारा स्नायू दुसरीकडे स्वस्थ बसलेला असतो.

‘ताठ बसा’ हा सल्ला घरोघरी फुकट मिळतो. माझ्या मते तो अर्धाच उपयोगाचा आहे. शिस्तीत ताठ बसलेला माणूसही दोन तास हलला नाही तर त्याची मान दुखणारच. मानेला एकाच जागी अडकून पडणं सोसत नाही, मग ती जागा पुस्तकातल्यासारखी बरोबर का असेना.

आधी हे बघा: फिजिओथेरपी नको, डॉक्टर हवा

अंगात ताप आणि मान पुढे वाकवताच येत नाही, सोबत जोराची डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं. अशा वेळी शेकत बसू नका, तडक सिव्हिल गाठा किंवा जवळचा दवाखाना. गाडीवरून पडल्यावर मान दुखत असेल तर आधी एक्स-रे, मगच कुणाचा हात मानेला लागू द्या. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, हातातून वस्तू पडते, चालताना पाय लटपटतात, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो, ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची चिन्हं असू शकतात. त्यात उशीर परवडत नाही. वजन आपोआप उतरतंय, रात्री घाम येतो आणि मान रात्रीच जास्त ठणकते, तर मणक्याचा टीबी किंवा दुसरा गंभीर आजार नाही ना, हे पाहावंच लागतं. पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. मानेबरोबर छाती, जबडा किंवा डावा हात भरून येतो, दरदरून घाम फुटतो, तर तो हृदयाचा त्रास समजूनच पळा. आणि मान दुखून एकदम चक्कर येणं, एकाची दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, यालाही थांबायचं नाही.

यातलं काही नसेल तर बहुतेक वेळा दुखणं स्नायूंचं आणि सांध्यांचं असतं. हाताला मुंग्या येत असतील तर नस दबलेली असू शकते. तीही बहुतेकांची काही आठवडे ते काही महिन्यांत विनाऑपरेशन बरी होते, फक्त तपासणी नीट झालेली हवी.

आता एक्स-रेबद्दल. ‘गॅप कमी झालाय’, ‘मणका झिजलाय’ हे ऐकलं की माणूस निम्मा तिथेच खचतो. जपानमध्ये १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले होते, कसलीही तक्रार नसलेल्या माणसांचे. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी गादी थोडी बाहेर आलेली निघाली. केस पिकतात तशी गादीही वयानुसार बदलते. रिपोर्ट जपून ठेवा, पण त्यातला प्रत्येक शब्द तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही.

मान आखडली ते पहिले तीन-चार दिवस

सकाळी उठलो आणि मान एका बाजूला वळतच नाही, ही तक्रार जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, गारठ्यात वाढते. उन्हाळ्यात ती कूलरच्या नावावर जाते. खरा गुन्हेगार पुष्कळदा उशी असते. हे दुखणं सहसा आठवड्याभरात सुटतं.

या दिवसांत शेक घ्या, १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीला लावू नका, मध्ये टॉवेलची घडी ठेवा. मधुमेह असलेल्यांना कातडीची जाणीव कमी असू शकते. त्यांनी आधी दुसऱ्या कुणाला तरी पिशवीची ऊब तपासायला सांगावी आणि दर पाच मिनिटांनी कातडी बघावी. मार लागून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, १० मिनिटं.

शेकानंतर मान हळूहळू फिरवा, दुखण्याच्या सीमेपर्यंतच. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, प्रत्येकी पाच-सहा वेळा, दिवसभरात चार-पाचदा. भीतीने मान लाकडासारखी धरून ठेवली तर आखडणं लांबतं. म्हणूनच साध्या स्नायूदुखीत पट्टा, म्हणजे कॉलर, मला आवडत नाही. प्रवासापुरता एखादा दिवस ठीक. आठवडेच्या आठवडे लावून फिरलात तर आधीच आळसावलेले स्नायू पार झोपतात.

आणि दाढीनंतर न्हाव्याकडून ‘जरा मान मोडा’ म्हणायची सवय सोडा. झटका देऊन मान फिरवताना मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघातापर्यंत जातं. चटकन आवाज आला म्हणजे नस बसली, असा काही नियम नाही.

फिजिओथेरपीत काय काय होतं, आणि त्यातलं किती कामाचं

पहिल्या दिवशी तपासणीला वेळ गेला पाहिजे. मान दोन्हीकडे किती वळते (साधारण ८० अंशांपर्यंत वळायला हवी), हाताची ताकद, बोटांची जाणीव, खांद्याचे फरे (खांद्यामागची चपटी हाडं), पाठीचा वरचा भाग, आणि तुम्ही काम कसं करता ते. यातलं काहीही न बघता थेट मशीन लावून झोपवलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायला हरकत नाही. थेरपिस्टकडे बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? सिव्हिलमध्ये केसपेपर काढून ओपीडीतून पाठवलेल्यांना ही सोय मिळू शकते. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथेही आधी विचारा.

हाताने केली जाणारी मोबिलायझेशन ही पद्धत, म्हणजे सांधे हळूहळू लयीत हलवणं, बहुतेकांना लगेच हलकं वाटायला लावते. गाठीवर दाब देऊन ती सोडवणंही तसंच. त्यानंतरच्या तासाभरात व्यायाम केला तर फायदा टिकतो, घरी जाऊन पुन्हा सुपावर वाकलं तर संध्याकाळपर्यंत जिथल्या तिथे.

टेन्स किंवा आयएफटी मशीनमुळे हलक्या करंटने दुखण्याची जाणीव काही तास दबते. व्यायाम सुरू करता यावा एवढ्यासाठी ते चांगलं. पेसमेकर असेल तर आधी सांगा, करंटची मशीन लावायची नाही. गरोदर बायकांनीही आधी सांगावं. अल्ट्रासाऊंड मशीन पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण मानेच्या साध्या दुखण्यात त्याचा फायदा फारसा सिद्ध झालेला नाही. फक्त त्याच्यासाठी दहा दिवस पैसे भरत असाल तर थेरपिस्टला स्पष्ट विचारा.

ट्रॅक्शन, म्हणजे मान ओढणं, हातात मुंग्या किंवा चमक उतरत असेल तर व्यायामासोबत काहींना उपयोगी पडतं. नुसत्या स्नायूदुखीत त्याची गरज सहसा नसते. घरी दाराला कप्पी बांधून वाळूची पिशवी लटकवण्याचा जुना प्रकार तपासणीशिवाय करू नका. टेपिंग, म्हणजे चिकटपट्टी लावणं, आणि सुई टोचून गाठ सोडवणं, दोन्ही तात्पुरती मदत करतात. सुई मात्र प्रशिक्षित हातातच.

थोडक्यात, पडून राहून घ्यायच्या उपचारांनी वाट मोकळी होते. मान सुटते ती पुढच्या भागातल्या गोष्टींनी.

घरचे व्यायाम, क्रमाने

*पहिले दोन आठवडे.* पाठीवर झोपा. आपल्याकडचा पातळ सोलापुरी टॉवेल गुंडाळून मनगटाएवढी वळी करा आणि मानेच्या खोलगट भागाखाली ठेवा. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी खाली आणा. मागच्या मानेत हलका ताण जाणवेल. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. गळ्याच्या दोन बाजूंच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या तर जोर जास्त होतोय. दोन बोटं तिथे ठेवून बघत राहा, ती जागा मऊच राहायला हवी. हा व्यायाम दिसायला काहीच नाही, म्हणून लोक सगळ्यात आधी हाच सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या ग्वेंडोलिन जुल यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या पद्धतीत मानेखाली हवेची पिशवी ठेवतात आणि दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) २० पासून २२, २४ असा दोन-दोनने ३० पर्यंत नेऊन धरायला लावतात. घरी पिशवी नसते, टॉवेलवर भागतं.

दुसरा व्यायाम बसून. डोकं सरळ मागे सरकवा, जणू कुणी कपाळावर बोट ठेवून मागे ढकलतंय. नजर समोरच, हनुवटी वर नको. पाच सेकंद, दहा वेळा. हा कामावरही चालतो.

मग ताण. उजवा हात खुर्चीच्या कडेला धरा, डावा कान डाव्या खांद्याकडे न्या, डाव्या हाताने डोक्याला नुसता आधार, ओढायचं नाही. ३० सेकंद, तीनदा. दुसऱ्या बाजूलाही. याच स्थितीत नाक काखेकडे वळवलं की ताण मानेच्या मागून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातो. विडी आणि शिलाईवाल्यांची तीच जागा सगळ्यात जास्त धरते. छातीसाठी दाराच्या चौकटीला दोन्ही कोपर टेकवून एक पाऊल पुढे, ३० सेकंद. पुढे ओढलेले खांदे याने मोकळे होतात.

गाठ जास्तच सतावत असेल तर मुलांचा टेनिस बॉल भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून गाठीवर मिनिटभर दाब द्या. बॉल मणक्यावर नको, शेजारच्या मांसल भागावर ठेवायचा.

*तिसऱ्या आठवड्यापासून ताकद.* तळहात कपाळावर, मान हलू न देता डोकं हाताला दाबा, निम्म्याच जोराने. सात-आठ सेकंद. असंच मागे आणि दोन्ही बाजूंना. श्वास रोखू नका, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नको.

खांद्यांच्या फऱ्यांची ताकद हा या उपचाराचा कणा आहे, आणि पेशंट हाच भाग विसरतात. मान खांद्यांवर उभी आहे. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधा, दोन्ही हातांनी कोपरं मागे नेत ओढा, फरे एकमेकांकडे आणा, खांदे कानाकडे उचलू देऊ नका. १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मग भिंतीला पाठ टेकवून हात वर-खाली सरकवणं. पालथं झोपून दोन्ही हात इंग्रजी वाय अक्षरासारखे ठेवून जमिनीपासून चार बोटं उचलणं.

पाठीच्या वरच्या भागासाठी जाडजूड चादर गुंडाळा, फऱ्यांच्या खालच्या टोकाशी आडवी ठेवून तिच्यावर पाठीवर झोपा, हात डोक्यामागे, दोन-तीन मिनिटं. चादर आपल्या गावात कुणाच्या घरात नाही? म्हणून महागडे रोलर घ्यायला मी कधी सांगत नाही.

*सहाव्या आठवड्यात चाचणी.* पाठीवर झोपून हनुवटी आत घ्या, डोकं दोन बोटं उचला आणि धरा. निरोगी माणसाला साधारण अर्धा मिनिट जमतं. हनुवटी वर सुटली किंवा डोकं थरथरलं की घड्याळ थांबवा. हा आकडा वहीत लिहा. दुखणं कमी झालं तरी आकडा दहाच्या आत असेल तर व्यायाम सोडायची घाई नको.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न सगळेच विचारतात. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत उतरतं, ते चालेल. हातात नवीन मुंग्या आल्या किंवा चमक कोपराच्या खाली सरकू लागली, तर तो व्यायाम तिथेच थांबवून थेरपिस्टला दाखवा.

कामाची बैठक

विडी वळणाऱ्या एका मावशींना मी सूप घेऊनच बोलावलं. त्या माझ्यासमोर बसल्या, सूप मांडीवर कलतं. मान खाली तर होतीच, शिवाय डावीकडे वळलेली. दुखत मात्र उजवीकडे होतं. विचारलं, घरी उजेड कुठून येतो? डाव्या हाताच्या दारातून. म्हणजे त्या दिवसभर मान वाकवून, शिवाय दाराकडे वळवून बसत होत्या.

“मावशी, सूप वर घ्या ना जरा.”

“वर घेतलं की तंबाखू सांडती की हो डॉक्टर.”

मग मांडीखाली घडी केलेली चादर घातली. सूप चार बोटं वर आलं, कलही तेवढाच राहिला, तंबाखू सांडली नाही. बैठक दाराकडे तोंड करून घेतली, पाठ कपाटाला टेकली. बाकी काहीच बदललं नाही. पंधरवड्यात उजव्या बाजूचं दुखणं निम्म्यावर आलं.

विश्रांतीसाठी मोबाईलचा गजर कुणी लावत नाही, लावला तरी दुसऱ्या दिवशी बंद करतात. त्यापेक्षा कामातलीच खूण धरा. विड्यांची दोन बंडलं झाली की हात मागे नेऊन फरे जवळ आणा, मान मागे सरकवा, तीनदा. शिलाईत बॉबिन संपली की उठून भरा, बसल्या जागी नको. मशीनसमोर स्टूल एवढं उंच हवं की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. सुईजवळचा दिवा मंद असेल तर मान आपोआप पुढे जाते, तेव्हा आधी बल्ब बदला. मागावर वाकताना कमरेतून आणि गुडघ्यातून वाका, नुसती मान घालू नका.

लॅपटॉपवाल्यांनी चार जाड पुस्तकं खाली ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणावा आणि वेगळा कीबोर्ड घ्यावा. तीनेकशे रुपयांपासून मिळतो, दहा सिटिंगपेक्षा स्वस्त. मोबाईल छातीजवळून चेहऱ्याकडे आणा आणि कोपराला आधार द्या. आणि स्कूटरवर कान आणि खांद्यात फोन दाबून विजापूर वेशीतल्या गर्दीतून जाणाऱ्यांना काय सांगावं? मान तर जाईलच, तोपर्यंत गाडीही कुठेतरी जाईल.

झोपताना कुशीवर असाल तर उशी खांद्याच्या रुंदीएवढी जाड, पाठीवर असाल तर पातळ. दोन उशा डोक्याखाली घेऊन टीव्ही बघणं बंद. पालथं झोपलं की मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, म्हणून ती सवय हळूहळू मोडा, पोटाशी एक उशी धरून कुशीवर या.

किती दिवस, आणि पुन्हा धरली तर

ताजं दुखणं बहुतेकांचं सहा ते आठ आठवड्यांत बरंच उतरतं. वर्षानुवर्षांच्या दुखण्याला तीन महिने नेमाने द्यावे लागतात, त्यातही दर महिन्यात एखादा आठवडा वाईट जातो. लग्नसराई, ऑर्डरीची घाई, परीक्षा, अशा काळात ते उसळणारच. तेव्हा ताकदीचे व्यायाम दोन-तीन दिवस निम्मे करा, शेक आणि हलकी हालचाल वाढवा, आणि मग पुन्हा मूळ मात्रेवर या. पूर्ण बंद करू नका. रोज २०-३० मिनिटं झपाझप चालणंही मानेला मदत करतं. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने फिरणाऱ्यांनी फक्त हात मोकळे ठेवावेत, खिशात नव्हेत आणि मोबाईलवर तर नव्हेतच. तीन महिन्यांनी दुखणं थांबलं की रबरी पट्टा आणि टॉवेलचा व्यायाम आठवड्यातून दोनदा पुरे.

सहा आठवडे खरोखर नेमाने करूनही फरक नसेल तर त्याच यादीचे आणखी दहा सिटिंग घेऊ नका. पुन्हा तपासणी करून घ्या. जाताना वहीतले आकडे, जुने रिपोर्ट आणि तुम्ही कामावर बसलेले असताना बाजूने काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. व्हिडिओ तुम्हाला न सांगता घरच्यांना काढू द्या, कारण कॅमेरा दिसला की जो तो ताठ बसतो.